कलम ६५ आणि १२ माणसांची होडी

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याचे कलम ६५ वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. बचावकार्यासाठी लागणारी कोणाचीही साधनसामग्री, जागा किंवा वाहन जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला, अथवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला, लेखी आदेशाने ताब्यात घेता येते, असे ते मुख्यतः सांगते. मालकाच्या संमतीचा त्यात उल्लेखही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाकाठच्या एका तालुक्यात निवासी नायब तहसीलदार असताना मी या कलमाखाली एका नावाड्याची होडी अधिग्रहित केली. होडी घ्यायला एक पान पुरले. तिचा मोबदला देण्यासाठी जी संचिका उघडावी लागली, ती माझी बदली होईपर्यंत बंद झाली नव्हती. त्या संचिकेतील प्रश्न अजून माझ्या मनात सुटलेला नाही.

त्या पुराची कल्पना आकड्यांवरून येईल. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २००५ चा उच्चांक मागे पडला. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्याने बाहेरून येणारी मदतही अडली. अशा वेळी महसूल खात्याची माणसे अखंड पाण्यात उतरलेली असतात, असा समज आहे. प्रत्यक्षात आमचा निम्म्याहून अधिक वेळ तक्ते भरण्यात जातो. स्थलांतरित कुटुंबे, व्यक्ती, लहान जनावरे, मोठी जनावरे, उपलब्ध बोटी हे सारे दर दोन तासांनी कळवायचे, आणि तेही प्रत्येक वरिष्ठ कार्यालयाला त्याच्या स्वतंत्र नमुन्यात. उपलब्ध बोटींपैकी एखादी पाहणी दौऱ्यासाठी राखून ठेवावी लागते, हे मात्र कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

बोटींबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटी आणि त्यांचे जवान यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, पण या बोटींना मोकळे पाणी लागते. आमच्याकडे पाणी उभ्या उसात शिरलेले असते. इंजिनाच्या पंख्यात उसाचा पाला अडकतो, पाण्याखाली बांधावरचे काटेरी कुंपण असते, पडलेल्या शेडचे पत्रे असतात आणि द्राक्षबागेचे लोखंडी अँगल असतात. रबर एकदा फाटले की ती बोट दिवसभर बाद. अशा ठिकाणी सपाट बुडाची लाकडी होडी, लांब बांबू आणि त्या शिवाराचा चढउतार पायांना माहीत असलेला माणूस लागतो. जिल्हा आराखड्यातल्या साधनसामग्रीच्या यादीत इंजिनाची अश्वशक्ती लिहायला रकाना आहे. या माणसासाठी नाही.

८ ऑगस्टला सकाळी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. ती बातमी पोहोचल्यानंतर काही तासांतच आम्हाला वरून निरोप आला, की तालुक्यातील प्रत्येक खासगी होडी ताब्यात घ्यावी आणि मळ्यांत अडकलेले लोक आजच्या आज बाहेर काढावेत. बोट उलटल्याच्या दिवशी अधिक बोटी, अधिक वेगाने, रात्रीसुद्धा चालवा असे सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्यापैकी कोणी कधी होडीत बसले असेल का, याबद्दल मात्र आहे.

ज्या नावाड्याकडे मी गेले, त्यांची होडी एरवी गावकऱ्यांना नदीपलीकडच्या शेतात ने-आण करत असे. त्याचे पैसे ते घेत नसत. सुगीला प्रत्येक घरातून बैते, म्हणजे वर्षाच्या कामाबद्दल धान्याचा वाटा, मिळे. होडी त्यांच्या वडिलांच्या हातची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वरून डांबर दिलेली. अंधार पडत आला होता. मी त्यांना अधिग्रहणाचे सांगितले. त्यांनी नकार दिला नाही, पण होकारही दिला नाही.

“मॅडम, होडी घ्या की. पर रातीची न्हाई घालनार मी. पान्याची वड दिसत न्हाई. आन बारा माणसांच्या वर तेरावं चढलं, तर मी उतरनार.”

“मामा, पलीकडे लहान मुलं आहेत,” मी म्हणाले.

“म्हनूनच सांगतोय.”

मी हे बिनतारी संदेशावरून कळवले, तेव्हा पलीकडून उत्तर आले की ऐकत नसेल तर कलम ५१ लावा. या कलमाप्रमाणे वाजवी कारणाशिवाय निर्देश नाकारणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि नकारामुळे जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत. कायदा हातात असलेल्या माणसाला पहिल्यांदा शिक्षेचे कलम आठवावे, हा आमच्या खात्याचा जुना आजार आहे. ‘वाजवी कारणाशिवाय’ हे शब्द मात्र बहुतेकांच्या वाचनातून निसटतात. त्या संध्याकाळी, त्या बातमीनंतर, रात्रीच्या ओढीत भरलेली होडी न घालणे याहून वाजवी कारण कोणते असू शकले असते, हे मला आजही कोणी सांगावे.

वीज नव्हती, म्हणून आदेश शाळेच्या वर्गात मेणबत्तीच्या उजेडात हाताने लिहिला. सरकारी नोकरीत लिहिलेल्या कागदांपैकी ज्यांचा मला अभिमान आहे असे फार थोडे आहेत. हा त्यांतला एक. कलम ६५ केवळ ताबा घेण्याचा अधिकार देऊन थांबत नाही. अधिग्रहणासंबंधी आवश्यक वाटतील असे पुढील आदेश देण्याचीही मुभा देते. ही ओळ सहसा कोणी वापरत नाही. मी तिचा आधार घेऊन लिहिले, की सदर होडी केवळ सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत चालवली जाईल, चालक सोडून १२ पेक्षा अधिक व्यक्ती कोणत्याही परिस्थितीत बसवल्या जाणार नाहीत, याबाबत नावाड्याचा निर्णय अंतिम राहील आणि त्यात अडथळा आणणारी व्यक्ती कलम ५१ अन्वये कारवाईस पात्र राहील. तलाठ्याने होडीच्या स्थितीचा पंचनामा केला, पोलीस पाटलांनी पंच म्हणून सही केली. नावाड्यांना मी आदेश वाचून दाखवला. त्यांनी शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला लावले आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला.

सूर्य उगवताच होडी निघाली. एका मळ्यावर गावातील एक बडे गृहस्थ आपल्या घरची सगळी माणसे एकाच खेपेत न्यायची म्हणून हटून बसले. नावाड्याने तो कागद काढून त्यांच्या हातात दिला. पुढे त्यांनी माझी तक्रार केली, ती वेगळी गोष्ट. लोक घर सोडायला तयार नसतात याचे खरे कारण बहुधा गोठ्यात असते. म्हैस होडीत येत नाही, आणि तिला सोडून माणूस येत नाही. ती समजूत घालण्याचे कामही नावाडीच करत होते, कारण माझ्या पदापेक्षा त्यांच्या शब्दाला तिथे किंमत होती. मळे रिकामे झाले. शेवटच्या खेपांपैकी एका वेळी होडी द्राक्षबागेच्या बुडालेल्या अँगलवर घासली आणि तळाची फळी फुटली. माणसांना काही झाले नाही.

पाणी ओसरल्यावर मोबदल्याची संचिका उघडली. कलम ६६ म्हणते, की अधिग्रहित वाहनाचा मोबदला त्या परिसरात तशा वाहनाच्या भाड्याचा जो प्रचलित दर असेल त्यावरून ठरवावा. यांत्रिक शक्तीवर न चालणारे साधनही वाहनाच्या व्याख्येत बसते, त्यामुळे होडी वाहन ठरली. पण जिचे भाडे धान्यात आणि वर्षातून एकदा मिळते, त्या होडीचा प्रचलित दर काय? सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत होडी आढळली नाही. एका सहकाऱ्याने पर्यटनस्थळावरील नौकाविहाराचा दर सुचवला; दुसऱ्याने टिपणी लिहिली की तो करमणुकीचा दर असल्याने ग्राह्य धरता येणार नाही. शेवटी मोबदला ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या भाड्याने ठरवला गेला, कारण त्या दराचा कागद उपलब्ध होता.

फुटलेल्या फळीची भरपाई मात्र नाही, कारण त्या कलमात वाहनाच्या बाबतीत फक्त भाड्याचा विचार आहे. आणि नावाड्यांच्या श्रमांचे? कायद्याच्या व्याख्येप्रमाणे साधनसामग्रीत मनुष्यबळही येते, म्हणजे माणूस अधिग्रहित करता येतो. मोबदल्याचे कलम मात्र जागा आणि वाहन यांच्यापुरतेच बोलते. मी रोजंदारीचा प्रस्ताव स्वतंत्र केला. त्यावर विचारणा आली, की सदर व्यक्ती कुशल की अकुशल, आणि कुशल असल्यास प्रमाणपत्र जोडावे.

लेखापरीक्षणाने वेगळे आक्षेप घेतले. दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब खरेदी केल्या, त्याची तीन दरपत्रके मागितली. कलम ५० नुसार अशा खरेदीत निविदेची अट शिथिल होते आणि प्राधिकृत अधिकाऱ्याचे वापर प्रमाणपत्र हेच प्रमाणक, म्हणजे खर्चाचा वैध पुरावा, मानले जाते. मी कलमाची प्रत जोडली, तेव्हा तो आक्षेप वगळला गेला. होडीची क्षमता १२ असल्याचा तांत्रिक दाखला कोठे आहे, हा आक्षेप मात्र शिल्लक राहिला. नावाड्यांकडून होडीच्या खरेदीची पावतीही मागण्यात आली. फळी गावाने वर्गणी काढून बसवून दिली.

२०२५ च्या दुरुस्तीने महापालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आणि आपत्तींच्या माहितीसंचाची तरतूद आली, ती आवश्यकच होती. त्यानिमित्ताने झालेल्या बैठकांत नावाड्यांचा विषय निघालेला मी ऐकला नाही. दरवर्षी मे महिन्यात साधनसामग्रीची यादी अद्ययावत होते, त्याच वेळी प्रत्येक होडीमालकाशी बसून दिवसाचा दर, दुरुस्तीची जबाबदारी आणि क्षमता लेखी ठरवावी, असा प्रस्ताव मी त्या तालुक्यातून पाठवला होता. त्यावर ‘मार्गदर्शन मागविण्यात येत आहे’ असे उत्तर आले.

जुलै २०२१ च्या पुराआधी नावाडी कार्यालयात आले आणि यादीतून आपले नाव काढा म्हणाले. मी समजावले की नाव असो वा नसो, कायदा होडी घेऊ शकतो. “घ्यायला कोन न्हाई म्हनतंय? पर ते पावत्या मागनारं कागद घरी नगं,” ते म्हणाले. नाव मी काढले. पाणी चढले तेव्हा ते निरोपाची वाट न बघता स्वतःच होडी घेऊन आले, त्यामुळे अधिग्रहणाचा आदेश दुपारनंतर निघाला. कलम ६५ मध्ये कार्योत्तर, म्हणजे काम झाल्यावर काढायच्या, आदेशाची सोय नाही, म्हणून त्या सकाळच्या खेपांचे देयक कोषागारात गेलेच नाही.