एका गुणाने हुकलेली शील्ड आणि पुढचे प्लेऑफ

गीतांजली एक्सप्रेसमधून हावड्याला उतरलो तेव्हा गणित सोपं होतं. २१ सामन्यांनंतर आमच्या मुंबई सिटीचे ४७ गुण, कोलकात्याच्या मोहन बागानचे ४५. शेवटचा सामना त्यांच्या घरी, सॉल्ट लेकला. बरोबरी झाली तरी आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची, गुणतक्त्यात पहिल्याला मिळणारी लीग शील्ड आमची.

तो रविवार होता, १४ एप्रिल २०२४, म्हणजे पोइला बोइशाख, बंगाली नववर्ष. त्या दिवशी सकाळी कोलकात्याचे जुने क्लब 'बार पूजा' करतात. चक्क गोलपोस्टची साग्रसंगीत पूजा! मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, तरी ऐकूनच जरा दबकलो. इथे गोलपोस्टलाही देव मानतात आणि आपण बरोबरी पदरात पाडून घ्यायला आलोय.

सोमवारी मॅचला जाताना मुद्दाम हुगळीखालची नवी मेट्रो घेतली. त्याच मार्चमध्ये सुरू झाली होती. नदी कधी आली नि कधी गेली, पत्ताच लागत नाही. पण एस्प्लेनेड ते सियालदा हा मधला तुकडा तेव्हा जोडलेला नव्हता, त्यामुळे तेवढ्यापुरतं वर येऊन रस्त्याने गेलो आणि पुन्हा त्याच लाइनची मेट्रो पकडली. सियालदाच्या पुढे डबा बागानच्या हिरव्या-मरून जर्सींनी गच्च. माझी निळी जर्सी शर्टाखाली होती, आणि तिथेच राहिली.

उभ्या उभ्या हंगाम आठवत होतो. खरं तर आम्ही इथवर आलो हेच नवल. नोव्हेंबरात आमचे कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात सहाच्या सहा सामने हरलो. सौदीच्या अल हिलालविरुद्ध डी. वाय. पाटीलला किती गर्दी होती, पण त्यांचा नेमार जखमी, आलाच नाही. मग डिसेंबरात याच बागानविरुद्ध अंधेरीतला तो २-१चा सामना. सात लाल कार्डं! चार आमची, तीन त्यांची. फुटबॉल कमी आणि भांडण जास्त, पण जिंकलो. जानेवारीत आमचा ग्रेग स्ट्युअर्टही क्लब सोडून गेला. नवे कोच पेत्र क्रात्की यांनी या मोडतोडीतून संघ उभा केला, आणि छांगते, विक्रम प्रताप, अपुइया ही मंडळी जबाबदारीने खेळली, याचं मला जास्त कौतुक. जमशेदपूरने मैदानावर पुरेसे भारतीय खेळाडू ठेवले नाहीत म्हणून १-१ची बरोबरी आमच्या ३-० विजयात बदलली, हेही खरं. ते दोन गुण नशिबाचे.

स्टेडियममध्ये ६१ हजारांहून जास्त लोक. अंधेरीत सात-आठ हजारांत ओरडायची सवय असलेल्या माणसाला हा आवाज कानांनी नाही, छातीत ऐकू येतो. २८व्या मिनिटाला बागानचा लिस्टन कोलासो डावीकडून आत शिरला आणि गोल. ८०व्या मिनिटाला त्यांच्याच कमिंग्जचा दुसरा. ८९व्या मिनिटाला छांगतेने एक परत केला, तेव्हा आमच्या छोट्या कोपऱ्यात एकदम जीव आला. बागानच्या हॅमिलला लाल कार्डही मिळालं. आणखी एक गोल हवा होता, तो झाला नाही. २-१. बागान ४८, आम्ही ४७.

शेजारच्या स्टँडमधले एक काका बाहेर पडताना म्हणाले, "दादा, दुखो कोरो ना," म्हणजे वाईट वाटून घेऊ नकोस, आणि पुढे कोळंबीची आठवण काढत निघून गेले. बागान जिंकलं की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं की हिल्सा, ही इथली रीत.

परतीच्या गाडीत मला छळतंय ते वेगळंच. मी कायम टेबलवाला माणूस. २२ सामन्यांत जो पहिला, तोच चॅम्पियन, लीगनंतरचे बाद फेरीचे सामने, म्हणजे प्लेऑफ, ही निव्वळ लॉटरी, असं मी मित्रांना ऐकवत आलोय. गेल्या वर्षी आम्ही शील्ड जिंकली आणि सेमीफायनलमध्ये बेंगळुरूकडून पेनल्टीवर ९-८ हरलो, तेव्हा तर या पद्धतीला मी नको नको ते बोललो. आता शील्ड गेली, आणि तीच लॉटरी आमचा शेवटचा आधार! नागपूर येईपर्यंत माझी मतं बरीच मवाळ झाली आहेत. दोन लेगची, म्हणजे एकेक सामना दोघांच्या घरी अशी, सेमीफायनल म्हणजे काही अगदीच लॉटरी नाही म्हणा. बागानवालेच आता "खरी ट्रॉफी शील्ड" म्हणतील, आणि वाईट म्हणजे ते बरोबरच असतील.

पहिल्या दोनांत असल्याने थेट सेमीफायनल, आधीची नॉकआउटची फेरी वाचली. तिसऱ्या आणि सहाव्या क्रमांकातला विजेता आमच्या वाट्याला, म्हणजे गोवा किंवा चेन्नईयिन. खेळाचा विचार केला तर चेन्नईयिन आलेलं बरं, गोव्याने ४५ गुण उगाच नाही मिळवले. पण गोव्याचं मैदान, मडगावचं फातोर्डा, मुंबईहून जवळ आहे. म्हणून इगतपुरी यायच्या आत मडगावची गाडी बघितली. सुट्ट्यांचे दिवस, सगळीकडे वेटिंग. तरी एक तिकीट काढून ठेवलंय. गोवा हरलाच तर रद्द करू.