चित्रपटाचं नाव : लागू नाही

वाफेच्या इंजिनांचे फोटो काढायला मी निलगिरीतल्या कुन्नूरला गेलो, हरियाणातल्या रेवाडीला गेलो, दार्जिलिंगलाही जाऊन आलो. तिकडे कोणी मला कागद मागितला नाही. तिकीट खिशात असलं की झालं. आणि ज्या नागपुरात जन्म काढला, तिथे फलाटाच्या टोकाला ट्रायपॉड उभा केला की दोन मिनिटांत प्रश्न : "परवानगी आहे का?" ती परवानगी मिळाली एकदाची, पण तिच्यापायी एक अख्खा हिवाळा गेला. नागपूरच्या रेल्वेवेड्यांसाठी हिवाळा जाणं म्हणजे काय, ते पुढे सांगतो.

मोबाइलवर आल्यागेल्या गाडीचा फोटो काढणाऱ्याकडे इकडेही कोणी ढुंकून बघत नाही. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट घ्या, दोन तास आरामात फिरा. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली स्टेशनची 1925 सालची इमारत काढा, फलाटावर उभं राहून वंदे भारत काढा. भानगड सुरू होते ती लांब लेन्स आणि ट्रायपॉड दिसला की. मला तर आणखी पुढे जायचं होतं, डायमंड क्रॉसिंगपाशी. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन मार्ग जिथे एकमेकांना काटकोनात छेदतात, ती जागा. नागपूरकर पाहुण्यांना तिच्याबद्दल छाती फुगवून सांगतात, पण बहुतेकांनी ती पुलावरून, नाही तर फोटोतच पाहिलेली असते. मला ती रुळांच्या उंचीवरून हवी होती.

मला अडवणारा गणवेशातला जवान बिचारा सभ्य होता. "मले काही नाही जी काका, पण साहेबानं पाह्यलं तर मलेच बोलन. एक कागद घेऊन या न." त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या कागदावर.

कोणत्या कार्यालयात अडलो ते लिहीत नाही. नागपुरात रेल्वेची दोन घरं आहेत एवढं मात्र आधी समजून घ्या. मध्य रेल्वेचा नागपूर विभाग वेगळा, त्याचं मुख्यालय मुंबईला. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग वेगळा, त्याचं मुख्यालय बिलासपूरला. मुख्य स्टेशन आणि अजनी एकाकडे, इतवारी आणि मोतीबाग दुसऱ्याकडे. एकाच अर्जात अजनी आणि इतवारी लिहिलंत तर तो अर्ज दोन्हीकडे "आमचा नाही" ठरतो. दोन अर्ज करा, दोन्हींची पोच वेगवेगळी घ्या.

तर मी साध्या कागदावर अर्ज लिहून नेला. नाव, पत्ता, आधारची झेरॉक्स, कॅमेऱ्याचं मॉडेल, हव्या असलेल्या जागा, वेळ सकाळी सहा ते आठ. टेबलावरच्या ताईंनी तो वाचला आणि खणातून एक छापील फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. "हा भरून आणा." फॉर्म सिनेमाच्या शूटिंगचा होता. निर्मात्याचं नाव. चित्रपटाचं नाव. पटकथेची प्रत जोडा. कलाकार आणि तंत्रज्ञ किती? विशेष गाडी हवी काय, हवी असल्यास डबे किती? विम्याची प्रत. अनामत रक्कम.

"ताई, मी सिनेमावाला नाही."

"मग प्रॉडक्शन कोणतं तुमचं?"

"प्रॉडक्शन नाहीच. मी हौशी आहे."

"हौशी म्हणजे नाटकवाले का?"

"नाही हो. गाड्यांचे फोटो काढतो. आवड म्हणून."

"विकता?"

"नाही."

"मग कुठं छापून येते?"

"कुठेच नाही."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग कायले काढता?"

हाच प्रश्न घरीही विचारतात, पण घरी त्यापायी अर्ज अडत नाही. इथे अडला. फॉर्ममध्ये आवडीला रकानाच नव्हता. शेवटी ताई म्हणाल्या, भरून तर द्या, मग पाहू. मी भरला. निर्माता : लागू नाही. चित्रपटाचं नाव : लागू नाही. कलाकार : लागू नाही. तंत्रज्ञ : एक, मी स्वतः. विशेष गाडीपुढे "नको, जी येईल ती चालेल" असं लिहिलं होतं, ते मात्र ताईंनी खोडायला लावलं.

मग फाइल हिंडायला लागली. सुरक्षेची शाखा म्हणाली, परिचालनवाल्यांची, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या शाखेची, हरकत नाही असं लिहून आणा. परिचालनवाले म्हणाले, शूटिंग असेल तर आमच्याकडे येते, हे शूटिंग दिसत नाही, सुरक्षेनंच ठरवावं. मधल्या काळात साहेब लाइनवर पाहणीला गेले, साहेब मीटिंगला बसले, साहेबांच्या घरी लग्न निघालं आणि शेवटी साहेबांची बदलीच झाली. नवीन साहेब "फाइल समजून घेऊन राहिले" होते. मला तोवर त्या इमारतीतले पंखे ओळखीचे झाले. जिन्याजवळचा एक तर चालू असताना असा कुरकुरायचा की खाली उभं राहायला भीती वाटावी.

दर फेरीत "पुढच्या आठवड्यात या" हे इतक्या गोड आवाजात सांगत की भांडताही येईना. बाहेर मात्र डिसेंबर निघून चालला होता. नागपूरची डिसेंबर-जानेवारीची सकाळ म्हणजे फोटोवाल्याला लॉटरी. हवा थंड आणि स्थिर, ऊन तिरपं आणि पिवळं, रुळांवर धुक्याचा पातळ थर. मार्चपासून तेच रूळ तापतात, वरची हवा थरथरते आणि लांब लेन्समधून बघावं तर इंजिनाचं तोंड वितळल्यासारखं दिसतं. शहाण्यातली शहाणी लेन्सही ते सरळ करू शकत नाही. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की साडेसातनंतर कॅमेरा बॅगेत. हे साहेबांना कसं सांगणार? मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "उन्हात तर उजेड जास्त असते न?"

अखेर माहितीचा अधिकार वापरला. रेल्वे केंद्राची, त्यामुळे अर्ज ऑनलाइन होतो. फी दहा रुपये आणि उत्तर तीस दिवसांत द्यावंच लागतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. "मला परवानगी का दिली नाही?" असा प्रश्न विचारू नका. 'का'ला उत्तर देण्याचं बंधन नाही आणि ते देतही नाहीत. विचारा असं : अमुक आवक क्रमांकाचा माझा अर्ज आज कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे, प्रत्येक टेबलावर तो किती दिवस होता, फाइलवरच्या शेऱ्यांच्या प्रती द्या. मला उत्तर आलं एका ओळीचं, अर्ज विचाराधीन आहे म्हणून. पण त्याच आठवड्यात ताईंचा फोनही आला : "कागद तयार आहे, येऊन जा."

धावत गेलो. पत्र सुरेख होतं. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागेवर. परवानगीच्या तारखा मात्र मी मूळ अर्जात मागितल्या होत्या त्याच होत्या. त्या केव्हाच उलटून गेल्या होत्या.

मी पत्र ताईंपुढे धरलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी घरच्यासारखं बोलल्या. "भाऊ, तारीख लिहूच नका न. 'पत्र दिल्याच्या दिवसापासून तीन महिने' असं लिहा. फाइल कितीही फिरली तरी तुमचं काही बिघडत नाही." हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर! पण मी ते त्यांना म्हणालो नाही, कारण दुसरा अर्ज त्यांनी स्वतः हातात घेऊन वर नेला आणि तो लवकर सुटला. म्हणून तुम्हीही कोणत्याच अर्जात नेमकी तारीख घालू नका. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण माहितीच्या अधिकारात तोच क्रमांक लागतो. आणि "साहेबांना भेटवतो" म्हणून मागे लागणारा बाहेरचा माणूस असतोच, त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

पत्र म्हणजे रुळांवर फिरायचा परवाना नव्हे. सोबत रेल्वेचा माणूस असेल तरच पुढे, हे त्यातच लिहिलेलं असतं. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 147 लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फोटोसाठी रुळांत उतरणारी पोरं पाहिली की मला त्यांच्या आईवडिलांचा नंबर मागावासा वाटतो.

क्रॉसिंगपाशी मी गेलो तेव्हा थंडी संपत आली होती, पण सकाळ चांगली मिळाली. साध्या रुळांवर चाक वाजतं त्याच्यापेक्षा हा आवाज वेगळा. आडवा रूळ जाऊ द्यायला उभ्या रुळात खाच असते, तिच्यावरून प्रत्येक चाक उडी मारून जातं आणि लागोपाठ दोनदा ठोका पडतो. बारा हजार अश्वशक्तीचं दुहेरी इंजिन लावलेली लांबलचक मालगाडी त्यावरून गेली तेव्हा ट्रायपॉडचे पाय हलताना दिसत होते. शटर 1/1000 सेकंदावर ठेवलं म्हणून निभावलं. सोबतच्या रेल्वेच्या माणसाने नंतर विचारलं, "झालं? एवढ्यासाठीच?" मी हो म्हणालो.

ज्यांना वाफच हवी त्यांनी नागपुरात फार आशा धरू नये. आमच्या लहानपणी इतवारीहून छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे अडीच फुटी रुळांवर गाड्या जायच्या. छिंदवाड्याची 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये. वाफेची इंजिनं त्यांच्याही कितीतरी आधी गेली. कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरो गेजचं संग्रहालय आहे, तिथे ती उभी मिळतात. पोरांना घेऊन जा, झाडांची सावली आहे. धावतं इंजिन हवं तर निलगिरीला जा. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत मध्ये दात्यांचा रूळ आहे आणि इंजिन खालच्या बाजूने गाडीला वर ढकलतं. हे ठाऊक नसेल तर तुम्ही गाडीच्या पुढच्या टोकाशी जागा धराल आणि दिवसभर डबेच काढाल. हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं तेव्हा उतरायला मिळतं, फोटो तिथे. पावसाळ्यात दरडींमुळे गाडी रद्द होते, तिकीट काढण्याआधी चौकशी करा. रेवाडीच्या शेडमध्ये 1855 चं फेअरी क्वीन आणि गोल नाकाचं अकबर, दोन्ही इंजिनं बघण्यासारखी. तिकडे जायचं तर थंडीतच जा, कारण थंड हवेत वाफ पांढरीशुभ्र आणि दाट दिसते, उन्हाळ्यात ती धुराड्याच्या वर हातभरातच विरून जाते. काळं इंजिन आणि पांढरी वाफ एकाच चौकटीत आली की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर गोंधळतं. मोजमाप वाफेचं घ्या, काळा भाग रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेल्या कच्च्या फाइलमधून, नंतर उजळवता येतो.

आणि हो, हे वरच लिहायला हवं होतं : रुळांजवळ जाताना लाल शर्ट, लाल टोपी, लाल बॅग काही नको. लांबून येणाऱ्या लोको पायलटला लाल म्हणजे थांबा. फ्लॅशही बंद ठेवा, तो थेट त्यांच्या डोळ्यांवर जातो. माझी कॅमेऱ्याची बॅग लालच होती, परवानगीच्या पत्राबरोबर आधी ती बदलावी लागली.