भुरगीं खंय?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझी कोकमाच्या सोलांची बाई ठरलेली आहे. नीट ओळख व्हायच्या आधीच तिने विचारलं होतं, "भुरगीं खंय?" मुलं कुठे असतात? पुण्याचे नातेवाईक हाच प्रश्न इस्त्री करून विचारतात. "मुलाशी सगळं ठीक आहे ना?" लग्नात विचारतात, बाराव्याला विचारतात. परवा एकीने तर दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या विचारलं. इतक्या वेळा विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

मी ७१ वर्षांची, हे ७६ वर्षांचे. गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका ज्येष्ठांच्या संकुलात आम्हाला पाच वर्षं झाली. कुंपण आहे, गेट आहे, गेटवर वही आहे. पंचावन्नच्या पुढच्यांनाच घर मिळतं. जाहिरातीत 'अ‍ॅक्टिव्ह सीनियर' म्हणतात. वृद्धाश्रम म्हटलं की ऑफिसातली मुलगी दुखावते.

भांडून आलो नाही. कोथरूडची आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देणार आणि तीन वर्षांत नवा फ्लॅट. मुलगा-सून मनापासून म्हणाले, वाकडला या. आठ महिने राहिलो. बाविसावा मजला. सकाळी साडेआठला दोघंही बाहेर पडायची ती रात्री आठला यायची. मधले साडेअकरा तास आम्ही दोघं आणि लिफ्टचा आवाज. त्यात त्यांची काय चूक? हप्ते कोण भरणार? पण एके दिवशी हे म्हणाले, भाडं तर मिळतंच आहे, ते गोव्यात लावून बघू. आमचं कुलदैवत मंगेशी, त्यामुळे गोवा अगदीच परका नव्हता. मराठी पेपर दारात येतो, आणि जत्रेच्या दिवसांत आसपासच्या देवळांत रात्र-रात्र मराठी नाटकं चालतात. पहिल्या वर्षी आम्ही पहाटे साडेतीनला नाटक बघून परतलो. वॉचमनने गेट उघडलं ते कॉलेजातल्या पोरांकडे बघावं तसं बघत.

समुद्र? वर्षातून चारदा जातो. पाहुणे आले की.

इथली खरी श्रीमंती बाथरूममध्ये आहे. हसू नका. दाराला उंबरा नाही आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं. आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार अडकलं तर मदतीला आलेल्याने काय करायचं, याचा विचार कोणीतरी केलाय. कमोडशेजारी दांडा आहे आणि लाल दोरी. दोरी ओढली की खाली घंटा वाजते. ती जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत लोंबायला हवी, कारण पडलेला माणूस फरशीवर असतो. आता आमची कामवाली पोर नीटनेटकी. लादी पुसताना दोरी भिजते, मळते, म्हणून तिने ती छान गाठ मारून दांड्यावर गुंडाळून ठेवली होती. मी रोज बघत होते आणि मलाही ते नीटनेटकंच वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पडले. हे कोथरूडच्या नव्या फ्लॅटची किल्ली घ्यायला पुण्याला गेलेले. पहाटे साडेपाच, उजवं मनगट अंगाखाली, आणि दोरी डोक्यावर तीन फूट, गाठीत. हाका मारल्या, पण बाहेर गोव्याचा पाऊस. त्यात शेजारीणबाईंनाही ऐकू आलं नसतं, आणि त्यांना एरवीही येत नाही.

सव्वासातला बेल वाजली. मग दारावर थापा. माझी टेबल टेनिसची जोडीदार, नागपूरची निवृत्त हेडमिस्ट्रेस. आमचं टेबल सातला असतं. "काहून आल्या नाही जी? टेबल अडवून बसली मी!" ती काळजीने आली नव्हती, भांडायला आली होती. आतून माझा आवाज ऐकल्यावर वॉचमनकडची जास्तीची किल्ली आणवली. हात प्लास्टरमध्ये गेला तो बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. पैसे भरावे लागले; २०१८पासून गोव्याबाहेरच्यांना ते पडतात, आणि सरकारचं दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड इथे पाच वर्षं राहिल्यावरच. यायचा विचार करणाऱ्यांनी हे जाहिरातीच्या आधी बघावं.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. "आता पुरे, आई. घरी चल." मी त्याला विचारलं, तुझ्याकडे सकाळी नऊला पडले असते तर? तो गप्प बसला. वाईट वाटलं मला, असं विचारायला नको होतं. पण ह्यांनी आणि मी तेव्हाच ठरवलं, इथेच राहायचं. कोथरूडचा फ्लॅट आता भाड्याने दिलाय, त्यावर इथलं भागतं. मेंटेनन्सवर १८ टक्के जीएसटी लागतो त्याची कुरकुर हे दर महिन्याला, न चुकता, मोठ्याने करतात.

सगळं गोड आहे असं नाही. 'अ‍ॅक्टिव्ह' या शब्दाला करारात एक कलम जोडलेलं आहे: स्वतःचं स्वतःला करता येईनासं झालं की स्वखर्चाने माणूस ठेवा, नाहीतर दुसरीकडे सोय बघा. आमच्याच मजल्यावरचं एक जोडपं असं बेळगावला गेलं. आमचं काय होईल? ह्यांचा हात अलीकडे चहाचा कप धरताना थरथरतो. डॉक्टर म्हणतात, बघू.

सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा गेटशीच थांबतो, आत सोडत नाहीत. मग आम्ही सात-आठ जण पिशव्या घेऊन गेटवर. मला पोळी, म्हणजे इथला कोंड्याचा पाव, ह्यांना गोल उंडो. तेवढ्यात पलीकडचा वाडा, म्हणजे गावातली वस्ती, दिसतो. मोठमोठी घरं, कित्येक बंद, अंगणात माडाची झावळं पडलेली. आईबाप किंवा आजी-आजोबा १९६१च्या आधी इथे जन्मले म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट निघतो, आणि मुलं तो घेऊन जातात.

गेल्या शुक्रवारी सोलांच्या बाईने तोच प्रश्न परत विचारला. पाच वर्षांत माझी कोंकणी एवढी तरी झालीय. म्हटलं, "कामाक गेल्यांत."

तिने तराजूत आणखी मूठभर सोलां टाकली.

"म्हजींय," ती म्हणाली. "लंडनाक."