चार दिवसांचा आठवडा: मंजुरी तीन आठवड्यांत, हजेरीची दुरुस्ती चार महिन्यांत

नोव्हेंबर २०२४ ची पगाराची स्लिप मी अजून मोबाइलमध्ये ठेवली आहे. तिच्यात ‘बिनपगारी रजा’ या रकान्यापुढे ३ आकडा आहे. त्या महिन्यात मी एकही रजा घेतली नव्हती. मी घेत होते ती दर बुधवारची साप्ताहिक सुट्टी. ती मंजूर झालेली होती आणि तिचं सहीचं पत्र माझ्याकडे होतं. साप्ताहिक सुट्टी म्हणजे रजा नव्हे, एवढं पटवून देण्यात माझे चार महिने गेले. कुणी असा छोटा आठवडा मागायच्या विचारात असेल, तर त्याचे तरी हे चार महिने वाचावेत म्हणून लिहिते आहे.

मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते, ऑफिस ऐरोलीला, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. वडील ठाण्यातच, चरईत एकटेच असतात. त्यांना पार्किन्सन्स आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्टबाईंना फक्त बुधवारी सकाळी वेळ होता आणि त्या वेळी घरात कुणीतरी हवंच होतं. दर आठवड्याला अर्धी रजा टाकून सहा महिने काढले, मग रजाच संपल्या. म्हणून ऑगस्टच्या शेवटी मॅनेजरला विचारलं: आठवड्यातून चार दिवस काम केलं तर चालेल का?

त्या अर्जात मी आधी परदेशातले दाखले घातले होते. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात साधारण अडीच हजार जणांवर कमी तासांचा प्रयोग झाला. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने चार दिवसांचा आठवडा करून पाहिला आणि त्यातल्या बहुतेकांनी तो पुढेही चालू ठेवला. मॅनेजरने वाचलं आणि म्हणाला, “तिकडचं ठीक आहे गं, आपल्या टीमचं सांग.” त्याचं बरोबर होतं. मग तीन आठवडे मी माझ्या कामाची तासागणिक नोंद केली. आठवड्याला अकरा तास मीटिंगमध्ये जात होते आणि त्यातल्या जेमतेम चार तासांत माझी गरज होती. तो कागद पाहिल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी होकार दिला. तेव्हा नोंदीपासून सुरुवात करा, दाखले मागाहून जोडा.

एका मुद्द्यावर मात्र आमचं जुळेना. त्याचं म्हणणं होतं, तास तेवढेच ठेव, चार दिवस रोज दहा तास कर. राज्य सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवार सुट्टी मिळाली, तीही रोजची वेळ ४५ मिनिटं वाढवूनच, असा त्याचा दाखला. मी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ काढून वाचला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, त्यावरचं काम ओव्हरटाइम आणि त्याचा पगार दुप्पट दराने. दहावा तास कंपनीलाच महाग पडला असता. (सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही नऊची मर्यादा दहावर नेण्यास मंजुरी दिली, ती वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. तेव्हा आता विचारताना चालू नियम पाहून घ्या. आणि तुम्ही व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर असाल तर हा कायदा तुम्हाला लागूच होत नाही.) शेवटी ठरलं चार दिवस, रोज नऊ तास. चाळीसचे छत्तीस तास झाले, म्हणून पगारही दहा टक्क्यांनी कमी. ८०,००० चे ७२,०००. घरी हिशेब मांडून मी ते मनापासून मान्य केलं.

पत्र ऑक्टोबरमध्ये मिळालं. १ नोव्हेंबरपासून, लक्ष्मीपूजनाच्या दिवसापासून, लागू. तिथवर सगळं विनासायास झालं होतं.

पहिली स्लिप ३० नोव्हेंबरला आली. पगारातून ७,२०० रुपये कापलेले. नोव्हेंबरात बुधवार चार होते: ६, १३, २० आणि २७. वीस तारखेला विधानसभेचं मतदान होतं, सगळ्यांनाच सुट्टी होती, म्हणून तेवढा एक वाचला. उरलेल्या तिन्ही बुधवारी मी गैरहजर. म्हणजे बुधवारचं काम कमी केलं म्हणून पगार आधीच दहा टक्के कापलेला आणि त्याच बुधवारांचा पुन्हा दिवसाला २,४०० प्रमाणे कापलेला. पीएफसुद्धा ४,८०० ऐवजी ४,३२० भरला गेला होता. पीएफचं मला स्लिप तिसऱ्यांदा वाचताना दिसलं. तुम्ही पहिल्यांदाच पाहा.

एचआरकडे गेले. “तिकीट टाका मॅडम.” तिकीट म्हणजे ऑनलाइन तक्रार. ती टाकली. आमचा पगार बाहेरची एजन्सी करते, त्यांच्याकडून तीन दिवसांनी उत्तर आलं: शिफ्ट पाच दिवसांची आहे, बुधवारी पंच नाही, म्हणून गैरहजर. आणि तिकीट बंद. मी एचआरला ते दाखवलं. एचआर म्हणे, शिफ्ट तर आम्ही बदलली आहे, हे बघा, नऊ तासांची. दुसरं तिकीट. तेच उत्तर, तिकीट बंद. डिसेंबरात पुन्हा तीन दिवस कापले, नाताळ बुधवारी आला म्हणून चौथा वाचला. जानेवारीत पाच बुधवार आले आणि पाचही कापले. मिळून २५,७८० रुपये. चार तिकिटं झाली आणि चारही ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद.

रक्कम मोठी होती, पण मनाला लागला तो ‘गैरहजर’ हा शब्द. मी त्या चार दिवसांत जीव तोडून काम करत होते. एकही टेस्ट सायकल मागे पडू दिली नव्हती. ठरवून, लिहून, पगार सोडून घेतलेला दिवस, आणि स्क्रीनवर त्या बुधवारच्या चौकोनात लाल ‘ए’. वर्षाच्या मूल्यमापनात हजेरीचा तक्ता वरिष्ठांपुढे जातो. तिथे या लाल चौकोनांचा अर्थ कोण सांगत बसणार होतं?

जानेवारीत एचआरमधल्या एका मुलीने हळूच उपाय सुचवला. बुधवारी घरून लॉगिन करून पंच इन करा, पाच मिनिटांनी आउट करा, गैरहजेरी लागणार नाही. तिचा हेतू चांगला होता. पण मी नाही म्हटलं, कारण ती खोटी हजेरी झाली असती आणि उद्या कुणी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागलं असतं. असा सल्ला तुम्हाला कुणी दिला तर घेऊ नका. दुसरा सल्ला होता, तोवर दर बुधवारी रजेचा अर्ज टाका म्हणजे पैसे कापले जाणार नाहीत. तोही घेऊ नका. आपली साप्ताहिक सुट्टी रजा होती, असं त्यातून आपणच लिहून दिल्यासारखं होतं.

१२ फेब्रुवारीला, बुधवारीच, वडिलांचा व्यायाम चालू असताना मी चरईच्या गॅलरीतून एजन्सीच्या मुख्य नंबरवर फोन लावला. वीस मिनिटं थांबल्यावर एक मुलगी बोलली. मराठी ऐकून मी मराठीतच सगळं सांगितलं. तिने माझं पत्र उघडलं आणि विचारलं, “ताई, यात वार कुठे लिहिलाय?”

मी पत्र पुन्हा वाचलं. ‘आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी नऊ तास.’ बुधवार हा शब्द पत्रात कुठेच नव्हता. इतक्या महिन्यांत ते ना मला दिसलं होतं, ना एचआरला.

“शिफ्टमध्ये फक्त तास असतात. साप्ताहिक सुट्टीचा वार कर्मचाऱ्याच्या मूळ नोंदीत वेगळा भरावा लागतो. पत्रात नसेल तर आम्ही आमच्या मनाने बुधवार कसा टाकणार? एचआर हेडकडून एका ओळीचं मेल आणा, मागच्या तारखेपासून असं स्पष्ट लिहून.”

दोन दिवसांत ते मेल गेलं. त्याच संध्याकाळी तिन्ही महिन्यांचे लाल चौकोन राखाडी झाले. मी ऐरोली स्टेशनवर ठाण्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते, तिथेच ते पाहिलं आणि लगेच वडिलांना फोन केला. थकबाकी मार्चच्या पगारात आली. आर्थिक वर्ष संपायच्या आत आली म्हणून फॉर्म १६ पण नीट निघाला. पीएफच्या फरकासाठी वेगळं मेल करावं लागलं, तो आपोआप येत नाही. पासबुकात दिसेपर्यंत मागे लागा.

तेव्हा पत्र हातात आल्यावर सही करण्याआधी वाराचं नाव शोधा. लागू झाल्याची तारीख शोधा. आणि पगार कुठून कापला आहे तेही पाहा. मी मूळ पगार ४०,००० तसाच ठेवून ८,००० विशेष भत्त्यातून कमी करायला सांगितलं होतं. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या मूळ पगारावर आणि महागाई भत्त्यावर मोजत, दर वर्षाला पंधरा दिवस. मूळ पगार कमी झाला असता तर मागच्या सगळ्या वर्षांचीही ग्रॅच्युइटी घटली असती. तिच्यासाठी वर्षात किती दिवस भरावे लागतात हेही मी पाहिलं होतं. आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत १९० दिवस पुरतात. बावन्न आठवडे गुणिले चार म्हणजे २०८, तिथे मी बसते.

अर्जित रजेचं मात्र तसं नाही आणि हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. २०१७ च्या कायद्यात वर्षाला २४० दिवस काम झालं तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते. २०८ मध्ये २४० कधीच भरणार नाहीत. नुसत्या त्या कायद्यावर विसंबलं तर अर्जित रजा शून्य. कंपनीने प्रमाणात रजा द्यायचं कबूल केलं, पण मी मागितल्यावर.

बुधवार निवडताना सगळ्यांनी सांगितलं होतं, शुक्रवार घे, सलग तीन दिवस मिळतील. मी आज म्हणेन बुधवारच चांगला. दोन दिवस काम, एक दिवस घर, पुन्हा दोन दिवस काम. आमच्याकडे रिलीज गुरुवारी असतो, तेव्हा मी ताजीतवानी असते. मात्र बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बदली दिवस मिळत नाही. तो मुद्दा मी सोडून दिला, तुम्ही आधीच विचारून ठेवा.

माझं पत्र एक वर्षाचं होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवं झालं. मसुदा आला तेव्हा मी त्यात तीन वाक्यं घालून परत पाठवला: साप्ताहिक सुट्टी शनिवार, रविवार व बुधवार, अर्जित रजा कामाच्या दिवसांच्या प्रमाणात, मूळ पगारात बदल नाही. तिन्ही जशीच्या तशी आली. सही केली आणि त्याच दिवशी पत्राची प्रत एजन्सीतल्या त्या मुलीला स्वतः पाठवली. तिचं उत्तर आलं: “वार भरला ताई.”