पिवळे रकाने आणि एक शिफारसपत्र

‘सर, मसुदा मीच लिहून आणते, तुम्ही फक्त सही करा.’ एमबीएला ऑपरेशन्स शिकवायला लागल्यापासून हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की त्यात काही वावगं आहे असं ना बोलणाऱ्याला वाटतं, ना ऐकणाऱ्याला. वर्ष संपत आलं की एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, मागणाऱ्यांची रीघ लागते आणि सही ठोकून मोकळं होणं केव्हाही सोपं. मी ते करत नाही. तत्त्वबित्त्व बाजूला ठेवा, साधी अडचण अशी की स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र हमखास गुळमुळीत उतरतं. स्वतःचं कौतुक करायला माणूस संकोचतो, मग तयार विशेषणं उचलतो: मेहनती, प्रामाणिक, नेतृत्वगुण असलेली. असलं पत्र वर्गातल्या कोणाच्याही नावावर खपून जातं.

ज्या विद्यार्थिनीच्या पत्राची ही गोष्ट, तिला सप्लाय चेनमधल्या एका कंपनीत ॲनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. कंपनीला प्राध्यापकाचं पत्र हवं होतं, शिवाय एक ऑनलाइन फॉर्म, आणि गरज पडली तर फोन. होकार देण्याआधी मी स्वतःला एकच विचारतो: या विद्यार्थ्याने माझ्या डोळ्यांदेखत केलेल्या दोन गोष्टी मला सांगता येतील का? येत नसतील तर मी सरळ नाही म्हणतो. ‘माझ्या विषयात तुला ए ग्रेड आहे, पण ती ग्रेडशीटवर दिसतेच. इंटर्नशिपच्या गाइडकडे जा, त्यांनी तुला काम करताना पाहिलंय.’ थोडा वाईटपणा येतो. पण कोमट पत्राने मुलाचं जास्त नुकसान होतं, कारण वाचणारा ओळींमधलं बरोबर वाचतो.

तिला हो म्हटलं आणि सामान मागवलं: सीव्ही, कंपनीची जेडी (त्या जागेच्या कामाचं वर्णन), प्रोजेक्ट रिपोर्ट, शेवटची तारीख आणि अर्ध्या पानात ‘तुझ्या मते तू काय वेगळं केलंस’. विशेषण एकही नको, ही अट. जेडीत तीन अपेक्षा ठळक होत्या: मागणीचा अंदाज बांधणं, इन्व्हेंटरीचं, म्हणजे मालसाठ्याचं नियोजन आणि आकड्यांची सवय नसलेल्यांना आकडे समजावून सांगणं. शेवटच्या दोन गोष्टी मी तिला करताना पाहिल्या होत्या. पहिलीबद्दल पत्रात मी गप्प बसलो आणि फॉर्मवर ‘निरीक्षणाची संधी मिळाली नाही’ या पर्यायावर खूण केली. हा पर्याय बहुतेक फॉर्ममध्ये असतो आणि बहुतेक प्राध्यापक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आता पत्राचा गाभा. तिचा प्रोजेक्ट सुट्या भागांच्या एका गोदामावर होता. काही माल पडून राहायचा, काही ऐन वेळी संपायचा. सेफ्टी स्टॉक, म्हणजे माल ऐन वेळी संपू नये म्हणून ठेवायचा जादा साठा, काढायचं पाठ्यपुस्तकातलं सोपं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मागणीतला चढउतार, गुणिले लीड टाइमचं (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या काळाचं) वर्गमूळ, गुणिले झेड हा ठरलेला गुणक. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलसाठी, म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा माल पुरावा यासाठी, झेड १.६५ धरायचा. पण या सूत्रात लीड टाइम ठरलेला आहे असं गृहीत असतं. इथे पुरवठादाराचा माल कधी आठवड्यात यायचा, कधी तीन आठवड्यांनी. बाकीच्या गटांनी सरासरी घातली आणि पुढे सरकले. हिने माल आवक रजिस्टरं मागवली, तारखा उतरवून काढल्या आणि लीड टाइममधला चढउतारही हिशोबात घेतला. काही नोंदींत तारखाच नव्हत्या. तिथे तिने अंदाजाने आकडे भरले, ते रकाने पिवळे केले आणि शीटच्या माथ्यावर लिहिलं: ‘पिवळा रकाना म्हणजे अंदाज.’

सादरीकरणाच्या दिवशी गोदामाचे मॅनेजर बचतीचा मोठा आकडा पाहून खूश झाले. ‘लगेच ऑर्डर कमी करतो,’ म्हणाले. हिनेच त्यांना थांबवलं. ‘सर, या आकड्यामागचे बरेच रकाने पिवळे आहेत. आधी नोंदी पूर्ण करून घ्या, तोवर खरेदीला हात लावू नका.’ गुणतक्त्यात या वाक्याला जागा नव्हती. पत्रात मी त्याला अख्खा परिच्छेद दिला.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातल्या संकेतांबद्दल, म्हणजे आपला गुण समोरच्याला पटवणाऱ्या खुणांबद्दल जे मांडलं, त्याचा इथे उपयोग होतो. (पुढे २००१ मध्ये ॲकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) संकेत कामाचा तेव्हाच ठरतो, जेव्हा अंगात गुण नसलेल्याला तो महाग पडतो. विशेषणं फुकट असतात, ती कोणीही कोणालाही वाटू शकतो. प्रसंगाचं तसं नाही, त्यावर उलट प्रश्न विचारता येतात. तरीही प्राध्यापकाने पत्राचं फार अवडंबर माजवू नये. नोकरभरतीच्या पद्धतींवर संशोधन करणारे श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या आढाव्यात संदर्भ तपासणी आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.२६ होता, तर आखीव मुलाखतीचा, म्हणजे सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीचा, ०.५१.

सगळ्यात अवघड ठरला कंपनीच्या फॉर्ममधला उणिवांचा रकाना. गटात कोणाचं काम मनासारखं झालं नाही की ही ते रात्री बसून स्वतःच नव्याने करायची. मी हे लिहिणार असल्याचं तिला आधी सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘सर, खरं आहे, पण लिहायलाच हवं का?’ मी म्हटलं, ‘त्यांनी थेट विचारलंय. मी तिथे “अति मेहनत करते हीच उणीव” असं लिहिलं तर वरचं सगळं खोटं वाटेल.’ दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तिने कामं वाटून दिली होती आणि मध्ये हात घातला नव्हता, तेही मी पाहिलं होतं. दोन्ही लिहिलं. क्रमवारीच्या खुणाही त्याच हिशोबाने केल्या: विश्लेषणात वरचे ५ टक्के, गटकामात वरचे २५. सगळीकडे पहिल्याच चौकटीत खूण करणाऱ्या प्राध्यापकाचा फॉर्म कोणी वाचत असेल असं मला वाटत नाही.

पाठवण्याआधी मी एक उद्योग करतो. मुलीचं पत्र असेल तर तिच्या जागी मनातल्या मनात मुलाचं नाव घालून वाचतो. ट्रिक्स आणि सेन्का या दोघी संशोधकांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड निघाली आणि त्यांच्या कष्टांवर भर देणारे शब्द जास्त. ‘मनमिळाऊ’, ‘सालस’ हे शब्द मुलाच्या पत्रात विचित्र दिसत असतील तर तिच्याही पत्रात नकोत.

बाकीचं सरळ होतं. लेटरहेड, कॉलेजचा ईमेल, पत्र थेट कंपनीला. गुणांचा तपशील तिच्या लेखी संमतीनेच जोडला.

फोन आला तो एचआरचा नव्हता, ज्या टीममध्ये जागा होती तिच्या प्रमुखांचा होता. ग्रेडबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ‘ते रकाने पिवळे करायला तुम्ही सांगितलं होतं का?’ नाही. ‘रिपोर्ट वेळेत आला?’ शेवटच्या दिवशी, पण वेळेत. ‘मॅनेजरना थांबवलं तेव्हा सूर कसा होता?’ हा प्रश्न मला आवडला. शांत होता, आणि तिने बोलताना शीट उघडून दाखवली होती. एका प्रश्नाला मात्र मी उत्तर दिलं नाही: लग्नानंतर ती नोकरी चालू ठेवेल का? ‘हे मी सांगण्यातलं नाही, आणि तुम्ही तिलाही विचारू नये,’ एवढं बोललो. पलीकडे क्षणभर शांतता, मग विषय बदलला.

पुढच्या फेरीत तिला अर्धवट नोंदींची एक शीट देऊन खरेदीचं नियोजन करायला बसवलं. ऑफर आली, प्रोबेशनसह, पण नियोजनाऐवजी खरेदी विभागात. तिने घासाघीस न करता ती घेतली. मला विचारलं असतं तर थोडं ताणून धर म्हणालो असतो.

त्यानंतर तिच्याच वर्गातले दोघं त्याच कंपनीसाठी पत्र मागायला आले. एकाचं काम मी दोन सेमिस्टर जवळून पाहिलं होतं, त्याला जेडी आणि अर्ध्या पानाचं टिपण घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्याच्या हातात मसुदा तयार होता, ‘उत्कृष्ट नेतृत्वगुण’ या शब्दांपासून सुरू होणारा. त्याला त्याच्या इंटर्नशिपच्या गाइडकडे पाठवलं.