बिलातला रेट डुप्लिकेट नसतो

डेटाबेस प्रोजेक्टची व्हायवा (तोंडी परीक्षा) बरी चालली होती. ईआर डायग्राम (कोणती टेबलं आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, याचं चित्र) झाला, रिपोर्ट झाले, लॉगिन एकदाही अडकलं नाही (आदल्या रात्री तीनदा अडकलेलं), आणि मग मॅडम म्हणाल्या, "बरं, या आयटमचा रेट 100 आहे ना, तो 120 करा बघू." केला. "आता गेल्या महिन्याचं बिल उघडा." उघडलं. पाच नग, 500 चं बिल, बसल्या जागी 600 चं झालेलं. मॅडम चिडल्या वगैरे नाहीत, एवढंच विचारलं, "वरचे 100 कोणाकडून वसूल करणार?"

आमचं कोर्सवर्क होतं एका काल्पनिक होलसेलरची बिलिंग आणि स्टॉकची सिस्टीम. तिघांचा ग्रुप. आणि गंमत अशी की ही चूक आम्ही आळसाने केलेली नव्हती, अभ्यास करून केलेली होती. पहिल्या ड्राफ्टमध्ये बिलाच्या प्रत्येक ओळीत रेट होता, मग नॉर्मलायझेशनचं (टेबलांमधली पुनरुक्ती काढण्याच्या पद्धतीचं) लेक्चर झालं आणि आम्ही तो मोठ्या अभिमानाने काढून टाकला.

ज्यांना हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एडगर कॉड नावाचा आयबीएममधला माणूस, त्याने 1970 मध्ये पेपर लिहिला की डेटा टेबलांमध्ये ठेवा, आणि पुढच्या एकदोन वर्षांत नॉर्मल फॉर्म, म्हणजे टेबलं कशी पाडायची याचे नियम, मांडले. गाभा हाच की एक गोष्ट एकाच जागी लिहायची. ग्राहकाचा फोन नंबर पन्नास ठिकाणी लिहिलात तर बदलताना एकोणपन्नास ठिकाणी बदलाल आणि एक राहील. पटतं ना? आम्हालाही पटलं, जरा जास्तच पटलं. सेकंड नॉर्मल फॉर्म सांगतो की दोन कॉलम मिळून 'की' (जिच्यावरून टेबलातली एक ओळ नेमकी ओळखता येते ती खूण) होत असेल तर बाकीचे कॉलम पूर्ण कीवर अवलंबून पाहिजेत, अर्ध्यावर नाही. बिलाच्या ओळीची की म्हणजे बिल नंबर अधिक आयटम नंबर. रेट कशावर अवलंबून? आयटमवर. म्हणजे अर्ध्या कीवर. म्हणजे नियम मोडला. म्हणजे उचला आणि आयटमच्या टेबलात टाका. पेपरात असं उत्तर लिहिलं असतं तर फुल मार्क मिळाले असते असं मला अजूनही वाटतं.

पण यात एक शब्द आम्ही न तपासता गिळला होता, तो म्हणजे "रेट". आयटमचा आजचा रेट ही एक गोष्ट आणि त्या बिलात लावलेला रेट ही वेगळी गोष्ट, नाव सारखं म्हणून आम्ही दोघांना एक समजलो. आजचा रेट उद्या बदलेल, बदलायलाच पाहिजे. बिलात लावलेला रेट कधीच बदलणार नाही, कारण तो व्यवहार होऊन गेला, ग्राहकाने पैसे दिले, विषय संपला. तोच आयटम त्याच दिवशी एका ग्राहकाला 100 ने आणि जुन्या ग्राहकाला 95 ने गेलेला असू शकतो. म्हणजे लावलेला रेट ठरतो बिल आणि आयटम दोन्ही मिळून, पूर्ण कीवर! आम्ही जो काढून टाकला तो कॉलम नियम मोडतच नव्हता. नॉर्मलायझेशन बरोबर होतं, आम्ही त्याला चुकीची माहिती पुरवली होती. आणि टेबलाकडे कितीही टक लावून बघितलं तरी हे कळलं नसतं, कारण कशावर काय अवलंबून आहे हे डेटा नाही सांगत, धंदा करणारा माणूस सांगतो. ते आम्ही विचारलंच नव्हतं. केस स्टडीच्या चार पानांत लिहिलेलं नाही म्हणजे प्रश्नच नाही असं धरून चाललो.

एकदा हे डोक्यात शिरल्यावर बाकी सिस्टीमकडे बघवेना. माल परत आला तर आमचं सॉफ्टवेअर काय करायचं? बिलातली ती ओळ डिलीट. सरळ डिलीट! ग्रुपमधली एकटी जिला अकाउंट्स आवडायचं ती पहिल्यापासून म्हणत होती की असं नसतं करायचं, आणि आम्ही दोघं म्हणत होतो की अगं डेटाबेस क्लीन राहतो. हिशोबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, चुकलं तर उलटी नोंद करायची, माल परत आला तर क्रेडिट नोट (तेवढी रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा केल्याचा कागद) काढायची, मूळ बिल आहे तसंच राहतं. दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोलीने 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात समजावली आहे आणि व्यापारी तर ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, मधूनच एक ओळ गायब केली तर जुळणार कशा? पाचशे वर्षांपूर्वीचा कारकून आमचा डिलीटचा बटण बघून हसला असता.

पैशाचे कॉलम फ्लोटमध्ये (अपूर्णांक बायनरीत अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवले होते हे वेगळंच. 0.1 अधिक 0.2 केलं की कॉम्प्युटर 0.30000000000000004 म्हणतो कारण बायनरीमध्ये 0.1 नेमका मावतच नाही. डेसिमल टाइप घ्या, सुटलं. ही चूक खरं तर सोपी, एकदा सांगितली की कोणी परत करत नाही. रेटवाली सोपी नाही.

थिअरीच्या पेपरला लिओ कॉम्प्युटरचा इतिहास होता, तेव्हा पाठ करून विसरले होते, आता परत वाचला. ब्रिटनमध्ये लायन्स नावाची केक आणि टीशॉपवाली कंपनी होती, तिने स्वतःच्या ऑफिसकामासाठी कॉम्प्युटर बनवला आणि 1951 मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशोब चालवायला लागली. बेकरी! रॉकेट नाही, काही नाही. आणि तिथे सिस्टीम्सचं काम बघणारा डेव्हिड कॅमिनर हा आधी कंपनीच्या ऑफिसातली कामं कशी चालतात आणि कशी सुधारायची हे शोधणाऱ्या विभागाचा प्रमुख होता, म्हणजे कामाची ओळख आधी आणि मशीन नंतर. आम्ही नेमकं उलट केलं, आधी टेबलं आणि मग, वेळ उरला तर, धंदा.

दोन आठवडे मिळाले दुरुस्तीला. बिलाच्या ओळीत रेट परत आला, डिस्काउंटही तिथेच, टॅक्सचा दरही तिथेच (तोही बदलतो, हे यावेळी आमचं आम्हालाच सुचलं), डिलीटचा बटण गेला आणि क्रेडिट नोटचा फॉर्म आला. आयटमच्या रेटला "पासून" तारीख जोडली म्हणजे मागचे रेटही बघता येतात. मी आयटमचा रेट 120 चा 150 केला, जुनं बिल उघडलं, 500 चं 500. इतकं बरं वाटलं ना.

मॅडमनीही ते बघितलं, मान हलवली, आणि म्हणाल्या, "आता ग्राहकाचा पत्ता बदला."

पत्ता अजून ग्राहकाच्या टेबलातूनच येत होता.