आमची वाटचाल: पाट्यांच्या दुकानापासून शॉकअपपर्यंत

वडिलांनी दुकान काढलं ते पाट्यांचं, म्हणजे ट्रकच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं. साखर कारखाने सुरू झाले की चिकोडी, संकेश्वर, गोकाक भागात ऊस भरलेले ट्रक आणि ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच आमच्या दारात. उसाच्या गाडीला वजनाची मर्यादा कागदावरच असते, त्यामुळे हंगामात काम कधी कमी पडलं नाही. तुटलेला पाटा बदलायचा, बसलेल्याला भट्टीत घालून पुन्हा बाक द्यायचा, सेंटर बोल्ट नवा घालून यू-बोल्ट आवळले की गाडी परत फडाकडे. वडिलांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. ड्रायव्हर खाली उतरला रे उतरला की विचारायचे, "भरलेली आणलास की रिकामी?" रिकाम्या गाडीचा पाटा बघून ते कधी मत देत नसत.

मी या धंद्यात थेट आलो नाही. आधी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या एका कारखान्यात असेंब्लीला होतो. फाउंड्री आणि हायड्रॉलिक्स ही बेळगावची जुनी ओळख, घराघरातला एक तरी माणूस तिथं लागलेला असतो. तिथं जे हाताला लागलं त्यावरच आजचं दुकान उभं आहे. क्रोम रॉडवर नखानं कळेल एवढा ओरखडा असला तरी तो सील फाडतो, हे मी तिथं शिकलो. पुढं दुकानात बसायला लागल्यावर पाहिलं, तर गावातले निम्मे मेकॅनिक शॉकअपचा (शॉक ॲब्सॉर्बरचा) वरचा नट सोडवताना रॉड चक्क पान्यात पकडतात. नवा शॉकअप चार महिन्यांत गळतो आणि शिव्या कंपनीला पडतात. रॉडच्या डोक्यात ॲलन की घालून नट सोडवायचा असतो, एवढी साधी गोष्ट.

ट्रकचं काम हायवेवरच्या मोठ्या वर्कशॉपकडं सरकलं आणि कार वाढल्या, तसे आम्हीही कारच्या सस्पेन्शनकडं वळलो. तेव्हा शॉकअपला भोक पाडून तेल भरून द्यायची पद्धत होती. ती आम्ही लवकरच बंद केली. आतल्या व्हॉल्व्हच्या चकत्या झिजलेल्या, गॅस गेलेला, आणि वरून नवं तेल भरून काय होणार? गिऱ्हाईक दोन पैसे वाचले म्हणून खूश होऊन जायचं आणि पावसाळा संपायच्या आत परत यायचं.

आता मुद्द्याचं. आमचं नाव झालं ते मुद्दाम उंची कमी करून खाली बसवलेल्या गाड्यांमुळं. आम्ही गाड्या खाली बसवतो म्हणून नव्हे, ते काम आम्ही करत नाही. गाडी खाली बसवणारा एक असतो आणि तिच्यातून बायकामुलं घेऊन फिरणारा दुसरा. पुण्या-मुंबईकडचा, नाहीतर बेंगळुरूचा एखादा तरुण हौसेनं स्प्रिंगा बदलतो, रुंद टायर घालतो, दोन वर्षांनी गाडी विकतो. ती सेकंडहँड होऊन टिळकवाडीत किंवा निपाणीत येते आणि नवा मालक तिच्यात सासू-सासऱ्यांना बसवून चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला निघतो. जांबोटीपर्यंत जाईस्तोवर त्याला कळतं की काहीतरी बिघडलंय. मग तो आमच्याकडं येतो आणि म्हणतो, "शॉकअप गेले. कडक कुठला असेल तो घाला." कन्नड गिऱ्हाईक "शॉक होग्याव री" म्हणतं, कोल्हापूरकडचं "गाडी लई आपटालीय" म्हणतं, निदान सगळ्यांचं एकच.

वडगावच्या एका यंत्रमागवाल्या काकांची पांढरी सेडान या प्रकारातली. दुसरीकडं शॉकअप बदलून झाले होते, मग त्याहून कडक घालून झाले होते, आणि हंपावर, म्हणजे स्पीडब्रेकरवर, मागून येणारा दणका काही गेला नव्हता. गाडी जॅकवर घेतली तर मागची स्प्रिंग हातानं गरागरा फिरली. चाक लोंबकळलं की स्प्रिंग बैठकीतून सुटत होती, म्हणजे मूळ लांबीच्या शॉकअपला ती आखूड पडत होती. हे नुसतं आवाजाचं काम नाही. खड्ड्यात चाक लोंबलं आणि स्प्रिंग तिरकी बसली तर पुढं काय होईल ते सांगायला नको. शॉकअप मात्र कोरडा, दांडा गुळगुळीत.

रॉडवरचा रबरी बूट वर सरकवून आम्ही एक केबल टाय रॉडला बेताची घट्ट बांधली आणि ती सरकवून शॉकअपच्या नळीला टेकवली. काकांना सांगितलं, घरच्यांना घेऊन या. काकू, आजी, दोन मुलं, सगळे बसले, डिक्कीत नेहमीच्या बॅगा टाकल्या, आणि पिरनवाडीपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर बघितलं तर टाय पार वर जाऊन बंप स्टॉपरला, म्हणजे वरच्या टोकाच्या रबरी अडसराला, चिकटलेली. नुसतं सगळे बसल्यावरच रॉड बोटभर उरला होता.

"काका, शॉकअप चांगले आहेत."

"मग आदळतंय काय?"

"त्यांना हलायला जागाच नाही."

हिशेब सोपा आहे. समजा मूळ गाडीत चाकाला वर जायला ८० मि.मी. जागा आहे. गाडी ४० नं खाली बसवली की उरली ४०. मागं तिघं बसले आणि डिक्की भरली की आणखी २५ ते ३० गेली. जे उरलं त्यात हंप पार करायचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा हंप १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, गाडी त्यावर हळूच चढते आणि उतरते. आपल्या गावोगावचे हंप त्या मापाचे असते तर आमचा निम्मा धंदा बसला असता. हे अरुंद आणि उभे असतात, चाक एकदम वर ढकलतात.

इथं कडक शॉकअप काय करतो? गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंगचं काम. शॉकअप फक्त स्प्रिंगच्या हालचालीला आवर घालतो. परतीची, म्हणजे दाबून परत उघडण्याची चाल फार कडक असली तर खड्ड्यामागून खड्डा आला की दाबलेलं चाक खाली यायच्या आत पुन्हा दाबलं जातं. गाडी दर दणक्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी स्टॉपरवरच चालते. हायवेवर टोलनाक्याआधी ज्या बारीक पट्ट्यांची रांग असते, तिथं हे फार छान कळतं. काकांच्या गाडीत नेमकं तेच होत होतं. कडक घातल्यानं त्रास वाढला होता.

त्यांना आम्ही मागं थोडी उंच, भार घेणारी स्प्रिंग आणि तिच्या मापाचे आखूड शॉकअप घातले. गाडी मूळ उंचीपेक्षा अजूनही थोडी खालीच आहे, काकांच्या मुलाची हौसही टिकली. आजी आता मागं झोपतात.

तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली. आधी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं माप चारही बाजूंना घेतो. जमिनीपासून घेत नाही, कारण टायर आणि हवा बदलली की ते बदलतं. मग स्प्रिंग कापलेली आहे का ते बघतो. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग साधारण २० टक्के कडक होते आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. अशा स्प्रिंगवर आम्ही कुठल्याच कंपनीचा शॉकअप बसवून देत नाही, आधी स्प्रिंग बदला म्हणतो. काही लोक रागावून जातात.

गाडी १५-२० मि.मी.च खाली असेल तर मूळ लांबीचा चांगला गॅस शॉकअप चालतो, त्यासाठी परदेशातून माल मागवत बसायची गरज नाही. गॅब्रिएल, मन्रो, केवायबी या कंपन्यांतला त्या गाडीला जो अस्सल मिळेल तो घ्यावा. ३० च्या पुढं गेलं की आखूड नळीचा हवा. बिलस्टाईन कंपनीचा बी६ आणि बी८ दोन्ही पिवळे, दोन्ही कडक, म्हणून लोक स्वस्त मिळेल तो मागवतात. पण बी६ मूळ लांबीचा आहे आणि बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. खोक्यावरचा नंबर वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. आणखी एक गोम आहे. युरोपातल्या गाड्या इकडं विकताना बहुतेक थोड्या उंच केलेल्या असतात, म्हणून तिकडच्या खोक्यावर "३० मि.मी. खाली" लिहिलेली स्प्रिंग इथं त्याहून जास्त खाली बसवते. टेप लावल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा?

एकनळी की दोननळी हा वाद पोरं तासन् तास घालतात. एकनळीत गॅस २० ते ३० बारच्या दाबाचा असतो, तेल फेसाळत नाही, खराब रस्त्यावर तासभर पळवली तरी पकड टिकते. पण तिची बाहेरची भिंत म्हणजेच सिलिंडर. चोर्ला रस्त्यावर पावसाळ्यात उखडलेली खडी उडते, तिचा पोचा बसला की पिस्टन तिथंच अडकतो. दोननळीत बाहेरच्या नळीला पोचा आला तरी आतली शाबूत राहते. घरच्या गाडीला माझं मत दोननळी गॅसचं, मात्र योग्य लांबीचं. घुंडी फिरवून कमी-जास्त करायचा शॉकअप चांगला असतो, पण बहुतेक घरांत ती घुंडी पहिल्या आठवड्यानंतर कुणी फिरवत नाही.

बसवताना जोडीनंच बदलायचे, वरचं माउंटिंग, बेअरिंग, स्टॉपर आणि बूट सोबत. स्टॉपर खाली बसवलेल्या गाडीला आखूड लागतो, पण काढून टाकायचा कधीच नाही, नाहीतर पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत लोंबकळताना आवळले की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. त्यानंतर अलाइनमेंट, कारण खाली बसलेल्या गाडीचं टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा रोख, हमखास हललेलं असतं आणि टायर आतून खाल्ला जातो.

कायद्याचंही विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा ठामपणे सांगितलं. म्हणून जमेल तितकी गाडी मूळ उंचीकडं आणणं हाच आमचा सल्ला असतो.

सीमेवरच्या धंद्याची गंमत निराळी. आमचा बराचसा माल कोल्हापूर-पुण्याहून येतो. २०२० च्या टाळेबंदीत सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर सगळं थांबलं, आणि अधूनमधून सीमावादानं एसटी बंद झाली की पार्सलही बंद. जीएसटीमुळं नाक्यावरची कागदपत्रं कमी झाली हे मान्य करायला हवं, आणि सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा गिऱ्हाइकांनी आठवडाभर फोन करून भंडावून सोडलं. दुकानाच्या पाटीवर नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड आहे, पावती मागेल त्या भाषेत मिळते.

सध्या उद्यमबागेतल्या जुन्या मित्रांबरोबर शॉकअप तपासायचं मशीन बनवायचं चाललंय. शॉकअप क्रँकवर वरखाली चालवायचा, कुठल्या वेगाला किती जोर लागतो ते मोजायचं, म्हणजे जुना ठेवायचा की टाकायचा हे हातानं दाबून ठरवावं लागणार नाही. फ्रेम उभी आहे, मोटर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मिळाली. जोर मोजणाऱ्या लोड सेलचं कोटेशन पुण्याहून यायचंय.